काँक्रीट भरलेल्या पोलादी नळीच्या कॉलमचं अ‍ॅबॅकस मॉडेल टेस्टपेक्षा इतका जास्त भार का दाखवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६५.१ मिमी बाहेरचा व्यास आणि ४.५ मिमी जाडी असलेली वायएसटी ३१० ग्रेडची नळी (ग्रेडनुसार यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं तो ताण, ३१० एमपीए), आत एम४० काँक्रीट, उंची ४९५ मिमी. लॅबमध्ये कॉलमने १,६९० किलोन्यूटन घेतले, तीच टेस्ट कॉम्प्युटरवर करून बघणारं अ‍ॅबॅकस २,१८० दाखवतंय. मेश (मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) बारीक केली, नळी आणि काँक्रीटमधलं फ्रिक्शन बदलून पाहिलं, फारसा फरक पडला नाही. काँक्रीटला तुम्ही मँडरचा कन्फाइन्ड कर्व्ह, म्हणजे बाजूने आवळलेल्या काँक्रीटचा ताण-विकृती आलेख, दिलाय, त्याचं शिखर काढताना ४० एमपीए (न्यूटन प्रति चौ. मिमी) धरलेत.

मेशच्या मागे लागू नका. घोळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. पण त्याआधी लॅपटॉप बंद करून कागद घ्या, कारण २,१८० हा आकडा कागदावरच बाद होतो.

काँक्रीटचं क्षेत्रफळ १९,१३८ चौ. मिमी, पोलादाचं २,२७०. नुसती बेरीज केली, म्हणजे पोलाद ३१० ने आणि काँक्रीट ३२ ने (४० का नाही ते पुढे येतंच), तर ७०४ अधिक ६१२, मिळून १,३१६ किलोन्यूटन. युरोकोड ४ या युरोपीय नियमावलीतलं गोल नळीचं सूत्र कन्फाइनमेंट, म्हणजे नळीने काँक्रीटला बाजूने आवळणं, धरतं. त्यात सगळे सेफ्टी फॅक्टर १ ठेवले की सुमारे १,६४० येतात. तुमची टेस्ट याच्या अगदी शेजारी आहे, म्हणजे टेस्टवर शंका घ्यायचं कारण नाही.

आता छत कुठे आहे ते बघू. रिचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये इलिनॉयला दाखवलं की बाजूने दाब दिला की काँक्रीटची ताकद त्या दाबाच्या सुमारे ४.१ पट वाढते. तुमची नळी बाजूने जास्तीत जास्त किती दाबू शकेल? दोनदा जाडी गुणिले यील्ड, भागिले आतला व्यास: १७.९ एमपीए. पण तो दाब द्यायचा तर सगळं पोलाद परिघाच्या दिशेने ताणात यील्ड झालेलं हवं, आणि मग उभा भार घ्यायला त्याच्यात काही उरत नाही. नळीची कुवत एकच असते. ती उभी खर्च करा नाहीतर आडवी, दोन्हीकडे पूर्ण मिळत नाही. सगळी आडवी खर्च केली तरी काँक्रीट ३२ अधिक ७३ म्हणजे १०५ एमपीए घेईल आणि एकूण २,०१५ किलोन्यूटन होतील. पोलादाचं स्ट्रेन हार्डनिंग (यील्डनंतर ताणत गेल्यावर वाढणारी ताकद) बाजूला ठेवलं तर यावर जायला वाटच नाही, आणि प्रत्यक्षात २,०१५ च्या आसपासही कोणी पोचत नाही. तुमचं मॉडेल छत फोडून वर गेलंय.

असं का झालं, तर तुम्ही कन्फाइनमेंट तीनदा मोजलंय.

आधी हे नळीत घडतं कसं ते डोळ्यांसमोर आणा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, गार झाली की ती चाकाला आवळते. इथे उलटं आहे. सुरुवातीला नळी काँक्रीटला आवळत नाहीच. पोलादाचा पॉइसन रेशो (उभं दाबल्यावर आडवं किती फुगतं ते प्रमाण) ०.३, सुरुवातीच्या भारातल्या काँक्रीटचा ०.२ च्या आसपास, त्यामुळे दोघांना सारखंच दाबलं तर नळी काँक्रीटपेक्षा जास्त फुगते आणि सुटू बघते. भार वाढला की काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडू लागतात, ते झपाट्याने बाहेर पसरतं, नळीला आतून रेटतं, आणि मग कुठे नळी धावेसारखी कामाला लागते. म्हणजे कन्फाइनमेंट हा काँक्रीटचा अंगचा गुण नाही. दोघांच्या रेटारेटीतून तो दाब तयार होतो आणि दर क्षणाला बदलतो.

अ‍ॅबॅकसमध्ये तुम्ही घन एलिमेंटचं काँक्रीट, शेलची, म्हणजे पातळ पत्र्याच्या एलिमेंटची, नळी आणि मधे हार्ड कॉन्टॅक्ट (एकमेकांत न घुसता रेटणारा स्पर्श) दिलात, तेव्हाच ही रेटारेटी मॉडेलमध्ये आली. काँक्रीट डॅमेज्ड प्लॅस्टिसिटी हे काँक्रीटचं मटेरियल मॉडेल, म्हणजे आपलं सीडीपी, बाजूचा दाब दिसला की ताकद आपोआप वाढवतं. आता त्यालाच तुम्ही आधीच वाढवलेला कर्व्ह दिलात. मँडर, प्रिस्टली आणि पार्क यांचा १९८८ चा कर्व्ह रिंगा किंवा स्पायरल असलेल्या आरसीसी कॉलमसाठी आहे. कॉलमचा छेद नुसत्या उभ्या धाग्यांत वाटणाऱ्या फायबर मॉडेलमध्ये तो चपखल बसतो, कारण तिथे सॉफ्टवेअरला आडवा दाब कळतच नाही, तो आपल्यालाच कर्व्हमधून सांगावा लागतो. थ्रीडी कॉन्टॅक्ट मॉडेलमध्ये तोच कर्व्ह दुसरी मोजणी ठरतो.

तिसरी मोजणी क्यूबची. आपल्याकडे एम४० म्हणजे १५० मिमी क्यूबची ताकद. क्यूब दाबताना मशिनच्या प्लेटा वरून खालून घर्षणाने त्याला पसरू देत नाहीत, बुटक्या क्यूबमध्ये तो परिणाम मधोमध पोचतो, आणि आकडा फुगतो. तेही एक प्रकारचं कन्फाइनमेंटच! म्हणून सिलिंडरची ताकद धरायची, क्यूबच्या साधारण ०.८ पट, म्हणजे ३२. परदेशी पेपरमधली सगळी सूत्रं सिलिंडरवर आहेत, आणि आपली निम्मी पोरं त्यात क्यूबचा आकडा घालतात.

मग कर्व्ह कोणता द्यायचा? ताओ, वांग आणि यू यांनी २०१३ मध्ये नेमकं याच कामासाठी मांडलेलं मॉडेल मी वापरतो. त्यात कर्व्हचं शिखर साध्या काँक्रीटचंच, तुमच्याकडे ३२. ताकदीची वाढ कॉन्टॅक्टवर सोडायची. कर्व्हमध्ये फक्त चिवटपणा वाढवायचा: शिखराला पोचल्यावर काही अंतर सपाट पठार, मग उतार, आणि शेवटी उरणारी ताकद गोल नळीत जास्तीत जास्त शिखराच्या पाव, म्हणजे तुमच्या बाबतीत ८ एमपीए. पठाराशिवाय साधा कर्व्ह दिलात तर मॉडेल शिखरानंतर धाडकन कोसळेल आणि तुम्ही उलट्या दिशेची तक्रार घेऊन परत याल.

सीडीपीमधला डायलेशन अँगल मात्र जपून. हा कोन जितका मोठा तितकं काँक्रीट जास्त पसरतं, नळीला जास्त रेटतं आणि भार वाढतो. चौकोनी नळीसाठी त्यांनी ४० अंश सुचवलाय, लोक तोच उचलून गोल नळीला लावतात. गोल नळीसाठी तो पोलाद आणि काँक्रीटच्या ताकदींच्या गुणोत्तरावर ठरतो. तुमचं गुणोत्तर ७०४ भागिले ६१२, म्हणजे १.१५. गुणोत्तर ०.५ पर्यंत असेल तर कोन ५६.३ गुणिले (१ वजा गुणोत्तर). त्यापुढे ६.६७२ गुणिले ई (गणितातला स्थिरांक, २.७१८) चा घात, आणि घात म्हणजे ७.४ भागिले (४.६४ अधिक गुणोत्तर). तुम्हाला जवळपास २४ अंश येईल. एक्सेलमध्ये सूत्र नीट टाकलंय का बघायचं असेल तर गुणोत्तर ०.५ घाला: दोन्ही सूत्रांतून २८.१५ यायला हवेत. मी पहिल्यांदा कंस चुकवला होता, तेव्हापासून हे करतोच.

बाकी किरकोळ. फ्रिक्शन ०.६ ठेवा, पोलाद आणि काँक्रीट एकदम दाबलं जात असल्याने त्याने फार फरक पडत नाही, तुम्हालाही तेच दिसलं. मेश व्यासाच्या पंधराव्या भागाएवढी, म्हणजे ११ मिमी, पुरते.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्यापेक्षा ती वाईट होती. एमटेकला माझं मॉडेल पहिल्याच फटक्यात टेस्टशी तीन टक्क्यांच्या आत जुळलं. मी पेढे आणायच्या बेतात. गाइड आलेख बघून एवढंच म्हणाले, "रिकामी नळी चालवलीस का?" रिकाम्या नळीची टेस्ट आम्ही केली होती, मॉडेल केलं नव्हतं. केलं, तर ते टेस्टच्या बरंच खाली. मग उरलेल्या पाइपातून उभी पट्टी कापून कूपन टेस्ट केली, म्हणजे ती पट्टी मशिनमध्ये ताणून पोलादाचं खरं यील्ड मोजलं. पट्टी पाइपाच्या आकाराची वाकलेली, ग्रिपमध्ये धरायला टोकं ठोकून सपाट करावी लागली. यील्ड आलं ३६८. मी ग्रेडचं नाव बघून ३१० टाकले होते, आणि ते तर किमान मूल्य असतं. म्हणजे पोलाद कमी धरलं होतं आणि काँक्रीटचं कन्फाइनमेंट तुमच्यासारखंच पुन्हा पुन्हा मोजलं होतं. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या. जुळलेलं मॉडेल चुकीचं असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

म्हणून तुम्हीही कूपन टेस्ट करा आणि रिकामी नळी चालवा. जमलं तर एखाद्या चौकोनी नळीच्या प्रकाशित टेस्टवरही तीच पद्धत लावून बघा. चौकोनात सपाट बाजू बाहेर फुगते, कन्फाइनमेंट कोपऱ्यांपुरतंच उरतं, त्यामुळे काँक्रीटच्या कर्व्हमध्ये लपवलेली ताकद तिथे लगेच उघडी पडते.

एक शेवटचं, कारण कर्व्ह बदलल्यावर तुमचा पुढचा प्रश्न हाच असेल. शिखर जुळेल, पण सुरुवातीचा चढ टेस्टमध्ये मॉडेलपेक्षा मंद दिसेल. तिथे काँक्रीटचा ई (इथे ताठरपणा, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस) कमी करून जुळवाजुळव करू नका. मशिनच्या प्लेटनची (दाबणाऱ्या प्लेटची) हालचाल मोजली असेल तर त्यात टोकं सपाट करायला लावलेल्या जिप्समच्या कॅपिंगचं बसणं आणि मशिनचा स्वतःचा ढिलेपणा दोन्ही येतात. कॉलमच्या मधल्या उंचीवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजची नोंद असेल तर चढ त्याच्याशी ताडून बघा.