तेरड्याचा रंग तीनच दिवस असेना का

"ताई, मी ३६ वर्षांची. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. गेल्या महिन्यात रील्स बघून मंडलाचं, म्हणजे गोलाकार नक्षी रंगवायचं पुस्तक आणि चोवीस रंगांचे पेन मागवले. डोकं शांत होतं म्हणे. तिसऱ्या पानावर अडकले ती अडकलेच. नवरा म्हणाला, 'तेरड्याचा रंग तीन दिवस!' तो हसला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता ते पुस्तक नुसतं दिसलं तरी अपराधी वाटतं. निवांत बसणंसुद्धा मला जमू नये का? (मला अगं-तुगंच करा.)
– दमलेली आई"

अगं, दोन्ही परीक्षा दिल्यास ना? मग संकल्पचित्राचा, म्हणजे नक्षीचा पेपर आठव. कंपास, समान भाग, रंग रेषेबाहेर जाता कामा नये, वेळ संपत आलेली. मंडल म्हणजे तोच पेपर. दिवसभर ऑफिसात आकडे जुळवून आलेल्या बाईने रात्री साडेदहाला पुन्हा तो सोडवायला बसायचं आणि वर शांत व्हायचं? कुणाला जमत असेल तर जमो. तू वस्तुचित्राकडे वळ, म्हणजे समोर ठेवलेली वस्तू बघून काढ, तेही मार्क वजा करून.

सध्या श्रावण चालू आहे, त्यामुळे समोर काय ठेवायचं हा प्रश्नच नाही. भाजीवालीकडे करटोली आली असतील, एक बाजूला काढ. आघाड्याची काडी घे. नीट बघशील तर तिची फुलं दांड्याला चिकटून खाली तोंड करून असतात, म्हणूनच ती साडीला अडकतात. इतकी वर्षं पूजेच्या पुडीतून आपण आघाडा आणतो, पण हे मला काढायला बसले तेव्हा कळलं. दूर्वेचं त्रिदळ तर तीन रेघांत होतं. अळूच्या पानावर पाणी शिंपडून बघ, थेंब कसा गोळी होऊन पळतो. तो पकडायचा प्रयत्न कर. पकडता येणार नाही, पण तेवढा वेळ डबा, बस आणि फीची तारीख डोक्यात येत नाहीत, हे खात्रीने सांगते.

साहित्य काही आणू नकोस. मुलीची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही असेलच घरात. साधं बॉलपेन घे, पेन्सिल नको. पेन्सिल आली की खोडरबर येतो, आणि खोडरबर आला की तुझी ए ग्रेड जागी होते. पहिलं चित्र कागदाकडे न बघता काढ. डोळे पानाच्या कडेवरून मुंगीसारखे हळू फिरव, हात आपोआप मागे येऊ दे. जे उमटेल ते विचित्रच असेल. खाली तिथी लिही आणि वही मिट. पाच-सात मिनिटं पुरे. कुकर लावल्यावर बस, फक्त दूध तापत ठेवून बसू नकोस, अनुभवाने सांगते.

हे काही माझं नवं डोकं नाही. आपल्या घरांतल्या बायका ऋतू बघूनच काढत आल्या. चैत्रात चैत्रांगण, चातुर्मासात रोज ३३ गोपद्मं, भोंडल्याला पाटावर हत्ती. माझी आई नागपंचमीला गंधाने पाटावर नाग काढायची. एका वर्षी तो थेट बदकासारखा झाला होता. पूजा त्याचीच झाली, दूध-लाह्या त्यालाच मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाट धुऊन टाकला. त्या बायकांनाही उसंत नव्हतीच. फरक इतकाच की सणाच्या नावाखाली ती दहा मिनिटं त्यांच्याकडून कुणी मागून घेत नव्हतं.

तुझी मात्र मागतात, म्हणून नवऱ्याचा विषय. रडलीस हे त्याला सांगितलंस का? सांग. आणि वही त्याला दाखवायची गरज नाही, वेळ मात्र मागून घे: रोज रात्री जेवणानंतरची भांडी आणि धाकट्याची झोप त्याच्याकडे. चित्र काढून घरातली कामं कमी होत नाहीत, ती वाटूनच कमी होतात. वहीने ते ओझं झाकू नकोस.

एक गोष्ट पत्रात ओझरती दिसली, पण मला खटकली. बाथरूममध्ये जाऊन रडणं त्या एकाच दिवसाचं होतं का? रोजचं होत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला तेरडा. पुढच्या महिन्यात गौरी येतील. कित्येक घरांत तेरड्याचीच गौर असते. एक दिवस आवाहन, एक दिवस पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. तीन दिवसांची म्हणून तिला कुणी नाव ठेवत नाही. तूही तीन दिवस काढ, चार दिवस विसर, मग पुन्हा काढ.

ते चोवीस पेन लेकीला देऊन टाक. हिरवा तेवढा ठेवून घे, भाद्रपदापर्यंत लागेल.