ओटीपी यायचा बंद झाला तेव्हा

"ताई, मी ४३ वर्षांची. भांडुपला राहते, एका शाळेच्या ऑफिसात फीच्या खिडकीवर बसते. ह्यांचा छपाईचा गाळा होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, क्लासच्या नोट्स. पत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्या, करोनात धंदा बसला तो पुन्हा उठला नाही. गेल्या दिवाळीनंतर मशीन विकून गाळा सोडला. मागच्या महिन्यात जीएसटीच्या ऑर्डरी आल्या, सगळ्या मिळून पावणेसात लाखांच्या. हे म्हणतात, खरा टॅक्स तीन-सव्वातीनच्या वर नाही. पण करत काहीच नाहीत. विषय काढला की चपला घालून खाली जातात. गिऱ्हाइकांनी दोन लाख अडकवलेत, तेही मागत नाहीत. कर्ज बायकांच्या नावावर पटकन मिळतं म्हणून गाळा कागदोपत्री माझ्या नावावर होता, पण मी कधी त्यात पडले नाही. महिन्याच्या वीस तारखेला ओटीपी यायचा तेवढा ह्यांना पाठवायचे, मग तोही यायचा बंद झाला, एक कटकट गेली. ह्यांचा टॅक्स ह्यांनी कसा भरायचा? पोलीस येतील का? दागिने मोडू का? मुख्य म्हणजे ह्यांना बोलतं कसं करू?"
– एक वाचक, भांडुप

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे कापून छापलंय. त्या चार पानांत "ह्यांचा टॅक्स" हे शब्द सात वेळा आलेत. आणि ओटीपी एकदाच, तोही जाता जाता.

मला त्या ओटीपीबद्दलच बोलायचंय.

आधी फोन हातात घे. मेसेजमध्ये मागे मागे जा आणि जीएसटीचा शेवटचा ओटीपी कधीचा आहे ते बघ. सापडला? त्या दिवशी तुमच्या गाळ्याचं शेवटचं रिटर्न भरलं गेलं. तो आकडा म्हणजे नुसती कटकट नव्हती गं, ती मालकाची सही होती. महिन्याचं ३बी रिटर्न, म्हणजे त्या महिन्याच्या विक्रीचा आणि कराचा गोषवारा, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं आणि भरताना मालकाच्या मोबाइलवर जो आकडा येतो तो टाकला की सही झाली. महिन्यामागून महिने तू ती सही केलीस, फीच्या खिडकीमागून, काय लिहिलंय त्यावर ते न बघता. आणि एका महिन्यात सही मागायला कुणी आलंच नाही.

तुझ्या खिडकीवर दर महिन्याच्या पाच तारखेला येणारा पालक एकदा वीस तारखेपर्यंत आला नाही, तर तू काय करतेस? फोन लावतेस. "सर, बरं आहे ना सगळं? आणि हो, लेट फी लागेल." ते तुझं कामच आहे आणि तू ते चोख करत असणार. मग घरात हाच खाडा पडला तेव्हा तुला सुटल्यासारखं का वाटलं? विचारलं असतंस तर थकबाकी एका महिन्याची असती.

रागावू नकोस. तुझ्याबद्दल हळहळायला पुष्कळ जणी भेटतील, बिल्डिंगमध्येच भेटतील. बिचारी, नवऱ्याने अडकवलं. मला ते म्हणता येत नाही, कारण तू अडकलीस ती माहिती नव्हती म्हणून नाही, विचारायचं नाही असं ठरवलंस म्हणून. माझी आई पासबुक भरून आणायची आणि न उघडता बाबांच्या हातात द्यायची. त्याला आमच्या घरी चांगुलपणा म्हणत. बाबा गेल्यावर ती सहा महिने बँकेच्या बाकड्यावर बसून होती, आपल्याच पैशांसाठी.

"कागदोपत्री माझ्या नावावर" असं तू लिहितेस, जणू कागद म्हणजे काही खरं नव्हे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा वेगळा आणि माणूस वेगळा असं काही नसतं. पॅन तुझा, नोंदणी तुझी, म्हणून कर तुझा. ऑर्डरीवरचं नाव वाच, तिथे ह्यांचं नाव कुठेच नाही. ऑर्डरीनंतर तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर वसुली सुरू होते आणि तेव्हा जीएसटी खात्याचं पत्र जातं ते तुझ्या बँकेला. ज्या खात्यात शाळेचा पगार येतो, त्या बँकेला. नोंदणी रद्द झाली तरी मागची बाकी पुसली जात नाही. आणि इन्कम टॅक्सच्या साइटवर तुझं एआयएस, म्हणजे तुझ्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची वार्षिक यादी, उघडून बघ, छपाईची उलाढाल तिथे तुझ्या पॅनखाली दिसेल. तू रिटर्नमध्ये नुसता पगार दाखवत आली असशील तर तोही धागा सीएसमोर सोडवावा लागेल. तो दुसरा दिवस. आज जीएसटी.

पावणेसात लाख हा आकडा कुठून आला ते समजून घे, म्हणजे छाती धडधडायची थांबेल. रिटर्न आलं नाही तर अधिकारी आधी नोटीस काढतो, १५ दिवस देतो, आणि तरीही शांतता असेल तर हाताशी असलेल्या माहितीवरून स्वतःच कर ठरवून टाकतो. याला अंदाजाची ऑर्डर म्हण. पण कायद्यात एक खिडकी आहे (तुझ्या फीच्या खिडकीसारखीच, ठरलेल्या वेळेत उघडी असणारी). ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या महिन्याचं खरं रिटर्न कर, व्याज आणि लेट फीसकट भरलं, तर ती ऑर्डर आपोआप मागे घेतल्यासारखी होते. ते हुकलं तर आणखी ६० दिवस, जादा लेट फीसह. तुझ्या ऑर्डरी मागच्या महिन्यातल्या. म्हणजे घड्याळ चालू आहे आणि अजून वेळ आहे.

खरा कर सव्वातीन धरला तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, म्हणजे साधारण ५८,५००. महिन्याला पावणेपाच-पाच हजार, नुसते गप्प बसण्याचे. लेट फी वाटते तितकी भयंकर नाही: दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला एका ३बी रिटर्नमागे जास्तीत जास्त २,००० आणि निरंक रिटर्नला, म्हणजे काहीच विक्री नसलेल्या महिन्याच्या, ५००. हो, निरंक रिटर्नसुद्धा भरायचीत. गाळा सोडलात, पण नोंदणी रद्द करा असं जीएसटीच्या पोर्टलला कुणी कळवलं का? नसेल तर त्याच्या लेखी मशीन अजून चालू आहे. खात्यानेच नोंदणी रद्द केली असेल तर तसा संदेशही तुझ्याच फोनवर सापडेल.

एक वाईट बातमी आहे, ती लपवत नाही. कागद-शाईच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते. त्यातली काही बुडाली असेल तर सव्वातीनचे पावणेचार होऊ शकतात. ह्यांचा आकडा तोंडी आहे. तोंडी आकड्यावर दागिने मोडायचे नसतात, तेव्हा कपाटाची किल्ली राहू दे जागेवर.

कुणीतरी तुला सांगेल, २४ हप्ते मिळतात. मिळतात, पण ऑर्डरीतल्या रकमेला. स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला हप्ते नाहीत. म्हणजे पावणेसात हप्त्याने की खरा आकडा एकेका रिटर्नला पूर्ण, असा सौदा आहे. मी दुसरा घेईन. रिटर्नं क्रमानेच भरावी लागतात, सगळ्यात जुनं आधी, ते भरल्याशिवाय पुढचं उघडत नाही. आणि देय तारखेला तीन वर्षं उलटली की पोर्टल ते रिटर्न घेतच नाही.

पोलिसांचं एका ओळीत: कर गोळा करून न भरल्याबद्दल तुरुंगाचं कलम कोटींच्या थकबाकीला लागतं, लाखांच्या नाही. आता जिन्यात बुटांचा आवाज ऐकून दचकायचं बंद कर.

गिऱ्हाइकांचे दोन लाख मात्र मला जास्त रंजक वाटतात. तू म्हणतेस, अडकवलेत. बिल फाडलं की जीएसटी देणं लागतं, पैसे हातात येवोत न येवोत. छोटे धंदे इथेच गुदमरतात, तुमचाही बहुधा तिथेच गुदमरला. पण दुसरी बाजू बघ. तुम्ही विक्रीचं रिटर्न भरलं नाहीत, म्हणून त्या बिलांवरच्या कराची वजावट त्या गिऱ्हाइकांच्या खात्यात दिसली नाही. नोंदणी असलेल्या कुठल्याही कंपनीचा अकाउंटंट अशा वेळी एकच करतो, पेमेंट रोखतो. म्हणजे ते चोर असतीलच असं नाही. ते तुमच्या रिटर्नची वाट बघत बसलेत आणि तुम्ही त्यांच्या पैशांची. ह्यांनी पैसे का मागितले नाहीत हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. मागायला गेले असते तर समोरच्याने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

तेव्हा "ह्यांना बोलतं कसं करू" हा तुझा मुख्य प्रश्न मी बाजूला ठेवते. ते बोलेपर्यंत थांबायचं, हे तुझ्या सोयीचं झालंय. त्यांना खाली जाऊ दे. कोपऱ्यावर चहा पिऊन येतील.

तू या शनिवारी, शाळा लवकर सुटते तेव्हा, जीएसटीची बिलबुकं आणि खरेदीची बिलं बाहेर काढ. गाळ्यातून आलेलं ते खोकं माळ्यावर नाहीतर पलंगाखाली असणारच. महिन्याप्रमाणे लाव, जशा तू फीच्या पावत्या लावतेस. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून कर सल्लागाराकडे जा, ह्यांच्या ओळखीच्या नव्हे, तू शोधलेल्या. पासवर्ड ठाऊक नसेल तर नवा करून घे, त्यासाठीचा आकडाही तुझ्याच फोनवर येईल. त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बस आणि सगळ्यात जुनं एक रिटर्न त्या दिवशीच भर. एकच. बाकीच्यांचा हिशेब, नोंदणी बंद करायचा अर्ज, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत द्यायचं शेवटचं रिटर्न, ज्यात उरलेला माल आणि विकलेलं मशीन येतं, ते तो क्रमाने सांगेल. पण पहिलं तू स्वतः बघून भर.

ते भरताना दीड-दोन वर्षांनी तुझा फोन पुन्हा किणकिणेल. सवयीने बोट फॉरवर्डवर जाईल. नको पाठवूस. वर लिहिलेली रक्कम वाच, महिना वाच, आणि आकडा तू टाक.

संध्याकाळी हे चपला काढताना विचारतील, कुठे होतीस. सांग, वीस तारीख होती ना, ती भरून आले.