बॅकवॉटरमधली आठचाकी: कायद्याने गाडी की नाव?

प्रश्न: वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यामुळे माझी तीन एकर धानाची बांधी पलीकडे राहिली. रस्त्यानं जायचं तर बावीस किलोमीटरचा फेरा पडतो. म्हणून एका बंद रिसॉर्टची पाण्यात आणि चिखलात चालणारी आठचाकी जुनी गाडी घेतली. साधी पावती आहे, बाकी कागद नाही. पाण्यात ती चाकांच्याच जोरावर जाते, फार हळू, आणि वारा सुटला की वाहवते. मागं आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागच्या कडेला लटकवतात ते इंजिन) बसवायची आहे, वेल्डरनं ब्रॅकेटही करून दिलं. मेकॅनिक म्हणतो, मोटर लावली तर आरटीओचा गुन्हा होतो. पाटबंधारे विभागाचा माणूस जप्तीची भाषा करतो. रोवणीच्या बाया तीस-तीस रुपये द्यायला तयार आहेत. त्यांना नेऊ का?
(एक शेतकरी, पवनी तालुका)

उत्तर: भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बायांना नेऊ नका, पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. कागद पूर्ण होईपर्यंत त्या गाडीत दुसऱ्या कुणाला बसवूच नका.

आता मेकॅनिकच्या भीतीबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करायला मनाई करतं, आणि कलम १८२अ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आहे. पण तुमच्या गाडीला आरसीच नाही, आणि बहुधा मिळणारही नाही, कारण अशा गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता असल्याशिवाय आरटीओ नोंदणी करत नाही. म्हणून ती डांबरी रस्त्यावर चालवू नका. घरून पाण्यापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्या.

खरी गाठ पाण्यातल्या कायद्याशी आहे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये जलयानाच्या व्याख्येतच जमीन-पाणी दोन्हीकडे चालणारी यानं घेतली आहेत. मोटर लावली तरच ती नाव होईल, असा तुमचा समज दिसतो. तसं नाही. तुमची चाकं इंजिनावर फिरतात आणि त्याच जोरावर गाडी पाण्यात पुढं सरकते, म्हणजे यंत्रावर चालणारं जलयान ती आजच आहे. धीवर बांधवांचा वल्ह्याचा डोंगा या वर्गात येत नाही, तुमची गाडी येते. तिला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्याचा दाखला लागतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नाव सागरी असलं तरी धरणातल्या बोटीही तेच पाहतात.

मोटरनं कायद्याचा वर्ग बदलत नाही, पण तोल नक्की बदलतो. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दोन माणसं बसलेली असताना मागची कड पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर आहे. त्याच कडेवर पाच अश्वशक्तीची मोटर लटकवली तर आणखी पंचवीस किलोच्या आसपास वजन येईल, वर पेट्रोलची टाकी. अशा गाड्यांचं अंग प्लास्टिकचं असतं. ब्रॅकेट नुसतं त्यात बोल्टनं आवळलं तर मोटरच्या धक्क्यानं भोकं रुंदावतात आणि पाणी आत येतं. ते आतल्या लोखंडी सांगाड्याला धरलेलं हवं. कंपनी मोटर बसवायचं ब्रॅकेट देते का आणि पाण्यात किती वजन चालतं, हे गाडीच्या पुस्तकात पाहा. जमिनीवरच्यापेक्षा पाण्यातला आकडा कमी असतो. तपासणी अधिकारी हेच विचारेल, म्हणून मोटर तपासणीआधी बसवा, नंतर नव्हे.

बायांबाबत मी इतका हटून का बसलो, तेही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, याच वैनगंगेत, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि त्यात जीव गेले. असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या नावेतून भाडं घेऊन माणसं नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी दगावलं तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत, आणि त्याला भाडं घेतलेलं असावंच लागत नाही. विमा नसला की भरपाई तुमच्याच खिशातून जाते, म्हणजे शेवटी सातबाऱ्यावर येते.

पाटबंधारे विभागाचा माणूस पुन्हा आला तर भांडू नका. जप्तीचा आदेश कुणाचा, कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. वाचून न दाखवलेल्या पंचनाम्यावर सही करू नका, आणि केलीच असेल तर माहिती अधिकारात नक्कल काढा. जलाशय त्यांच्या ताब्यात आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतावर जाण्यापुरती परवानगी मागणारा अर्ज कार्यकारी अभियंत्याकडे तुम्हीच आधी द्या आणि पोच घ्या. रिसॉर्टवाल्याकडून गाडीचा तपशील नोंदवलेली पावती घ्या. गाडी परदेशी बनावटीची असेल तर कस्टमचे कागदही मागा.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. शेत तुटून पलीकडे राहिलं हा तुमचा दोष नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचे तुकडे पडल्याच्या नुकसानभरपाईची वेगळी तरतूद होती. तुमच्या निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, ती रक्कम धरली होती का, ते पाहा. वाढीव मोबदला मागायची मुदत बहुधा केव्हाच संपली असेल, पण रस्त्याची किंवा सरकारी बोटीची मागणी मुदतीत अडकत नाही. पलीकडे जमीन असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पुनर्वसन शाखेत द्या. निवाड्याची नक्कल मिळाली की मला पाठवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.