फ्लॅट बघताना नळ उघडा राहिला, तर भरपाई कोणी द्यायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी थोडक्यात लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. गुरुवारी दुपारी तुम्ही दोघं कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरचा रिसेल फ्लॅट बघायला गेलात. मालक बंगळुरूला, फ्लॅट आठ महिने बंद, किल्ली एजंटकडे. पाण्याला दाब कसा आहे ते बघायला तुमच्या यजमानांनी ओट्यावरच्या सिंकचा नळ फिरवला. पाणी आलं नाही, तेवढ्यात एजंटने बाल्कनीत बोलावलं आणि नळ तसाच राहिला. संध्याकाळी तुम्ही एक लाखाचं टोकन दिलंत. शुक्रवारी सकाळी पाणी आलं आणि सिंक भरून वाहिलं. वॉचमनला जिन्यात पाणी दिसेपर्यंत हॉलचं लॅमिनेट फुगलं होतं, ट्रॉल्यांचे तळ भिजले होते आणि खालच्या आजी-आजोबांच्या स्वयंपाकघराच्या पीओपीला पोपडे सुटले होते. आता मालक 1,60,000 मागतायत. टोकन परत देणार नाही, वरचे साठ हजार द्या, नाहीतर पोलिसांत जातो, असं ते म्हणतात. एजंट म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

मी वकील नाही. पण पुण्यात 19 वर्षं रिसेलचे फ्लॅट दाखवतोय आणि अशी भांडणं मिटवताना वकिलांबरोबर बऱ्याचदा बसलोय. त्या अनुभवावरून लिहितो.

पोलिसांची भीती आधी मनातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये मालमत्तेची खोडसाळ नासधूस हा गुन्हा आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू लागतो, किंवा आपल्या हातून नुकसान होणार आहे हे माहीत असावं लागतं. विसरून उघडा राहिलेला नळ त्यात बसत नाही. हा दिवाणी मामला आहे, म्हणजे निष्काळजीपणा कोणाचा आणि किती, एवढाच प्रश्न उरतो.

त्यात तुमचा काहीच वाटा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नळ उघडून बघणं चूक नाही. घर घेणारा नळ उघडणार, फ्लश ओढणार, खिडक्या सरकवणार. त्यासाठीच तर त्याला आत घेतलं जातं. बघताना जीर्ण बिजागरी हातात आली, आधीच सैल झालेलं हँडल निघालं, तर ती बघणाऱ्याची जबाबदारी नाही. पण पाणी आलं नाही म्हणून नळ उघडाच सोडणं ही चूक आहे, आणि पुण्यात राहणाऱ्याला ती चूक कळायला हवी. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ ही महापालिकेची सूचना आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. दुसऱ्या दिवशी पाणी येणार हे माहीत होतं. तेवढं मान्य करा, मोकळेपणाने करा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुमच्या प्रश्नात ती एका वाक्यात येऊन गेली आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सिंक भरून वाहिलं. का वाहिलं? नळाखाली सिंक आहे, सिंकला जाळी आहे, जाळीखाली पाइप आहे. नळ रात्रभर चालू राहिला तरी पाणी ड्रेनेजला जायला हवं, फार तर टाकी रिकामी होईल. सिंक वाहिलं याचा अर्थ खालची वाट बंद होती. महिनोन्‌महिने बंद राहणारं घर लावून जाताना लोक काय करतात ते मी शेकडो वेळा पाहिलंय. झुरळं वर येऊ नयेत म्हणून सिंकच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी कोंबतात, नहाणीच्या जाळीवर पिशवी पसरून वर वरवंटा किंवा वीट ठेवतात. कधी रंगारी लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, सिंकमध्ये धुतो आणि पाइपमध्ये त्याचा दगड होतो. ओट्याखालचा अँगल कॉक, म्हणजे सिंकच्या नळाला येणारं पाणी बंद करायची चावी, बंद केला असता, तर वरचा नळ कितीही फिरवला तरी पाण्याचा थेंब आला नसता. घर लावताना पाण्याची वाट बंद करायची आणि येणारं पाणी मात्र चालू ठेवायचं, यात मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा आहे. आणि जाळीत काय कोंबलंय हे तुमच्या यजमानांना वरून दिसण्यासारखं नव्हतं. ज्याचं नुकसान झालं त्याचाही हात त्यात असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

तिसरा वाटेकरी एजंट. हे मी माझ्याच धंद्याबद्दल लिहितोय आणि मनापासून लिहितोय. किल्ली ज्याच्या हातात, घर पुन्हा नीट लावायची जबाबदारी त्याची. 2011 साली सिंहगड रोडला एका गिऱ्हाइकाने बेसिनचा नळ उघडा ठेवला आणि न बघता कुलूप मी लावलं. दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये घोट्याएवढं पाणी. नहाणीवर पिशवी आणि वर वीट होती. मालकांनी ती स्वतःच्या हाताने उचलली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी एकूण खर्चाचा अर्धा मी दिला, उरलेला त्यांनी आणि गिऱ्हाइकाने वाटून घेतला. तेव्हापासून बाहेर पडताना मी प्रत्येक नळ हाताने दाबून बघतो, मगच कुलूप. तुमच्या एजंटने दोन्ही बाजूंनी दलाली ठरवली असेल, तर तो दोघांनाही सेवा देतोय. ‘तुमचं तुम्ही बघा’ हे त्याला म्हणता येणार नाही, हे त्याला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत तरी चालेल.

आकड्याबद्दल. फ्लोअरिंगचे 90,000, ट्रॉल्यांचे 45,000, खालच्या घराचे 25,000, हे सगळं नव्याचं कोटेशन आहे. लॅमिनेट नऊ वर्षांचं आहे असं तुम्हीच लिहिलंय. भरपाई नुकसानीची असते, जुन्याच्या जागी नवं मिळवण्यासाठी नसते; घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, वजा व्हायलाच हवा. शिवाय भिजलं किती ते प्रत्यक्ष बघा. फुगलेलं लॅमिनेट परत बसत नाही, तेवढ्या पट्ट्या बदलाव्याच लागतील. त्याच डिझाइनच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत तर हॉलचं पूर्ण बदलायचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण कोरड्या राहिलेल्या बेडरूमचा खर्च तुमच्यावर येत नाही. ट्रॉल्या वॉटरप्रूफ प्लायच्या असतील तर वाळल्यावर बहुतेक वाचतील. पार्टिकल बोर्डाच्या असतील तर तळ गेले असं धरा. खालचं छत वाळायच्या आत रंगवायला घेऊ नका, डाग पुन्हा वर येतो.

मालकांनी घराचा विमा काढलाय का ते विचारा. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, पाइप फुटून किंवा भरून वाहून होणारं नुकसान धरलेलं आहे. तुमची घटना त्यात बसते का ते विमा कंपनी सांगेल. फक्त कंपनीने पैसे दिले तर ती नंतर तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते, म्हणून तुमच्याशी तडजोड करण्याआधी कंपनीला कळवायला मालकांना सांगा.

टोकनचं प्रकरण वेगळं ठेवा. टोकन व्यवहारासाठी दिलंय, नुकसानीची अनामत म्हणून दिलेलं नाही. भरपाईचा आकडा दोघांनी मान्य केलेला नाही, कोर्टाने ठरवलेला नाही. असा न ठरलेला आकडा मालकांनी स्वतःच लावून टोकनमधून वळता करून घ्यायचा, हे चालत नाही. मात्र घर तुम्हाला खरंच आवडलं असेल, तर मी तरी व्यवहार मोडणार नाही. तुमचा वाटा ठरवा आणि तेवढी रक्कम किमतीत धरून दुरुस्ती तुम्हीच ताबा घेतल्यावर करा, असा प्रस्ताव द्या. फ्लोअरिंग तुमच्या आवडीचं होईल आणि मालकांना बंगळुरूहून सुताराच्या मागे लागावं लागणार नाही. जे ठरेल ते कागदावर घ्या: घटना, तारीख, रक्कम, आणि ‘यापुढे या घटनेबाबत परस्परांकडे काही मागणी उरली नाही’ हे वाक्य. मालक, तुम्ही, एजंट, तिघांच्या सह्या.

खालच्या आजी-आजोबांचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. त्यांचा काडीचा दोष नाही, आणि ते तुमच्या तिघांपैकी कोणाकडेही पूर्ण भरपाई मागू शकतात. आपापसात वाटणी तुम्ही करायची. फ्लॅटच्या आतल्या गळतीबद्दल सोसायटी आधी मालकांनाच धरेल. पण ते बंगळुरूला आहेत आणि आजींच्या ओट्यावर पीओपीचे तुकडे पडतायत. तुमचा वाटा किती ते ठरायची वाट न बघता दोघं जाऊन भेटा. त्यांचं स्वयंपाकघर आधी नीट करून द्या, खर्चाची पावती जपून ठेवा, ती हिशेबात धरता येईल. हे मी कायदा म्हणून सांगत नाही. मी तुमच्या जागी असतो तर हेच पहिलं केलं असतं.

आणि उद्या सकाळी एक काम. मालकांनी प्लंबर पाठवायच्या आधी, एजंट आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊन त्या सिंकची जाळी उघडा. उघडण्याआधी, उघडताना आणि उघडल्यावर, तिन्ही वेळा फोटो काढा. ओट्याखालच्या कॉकचाही काढा. जाळीतून काय निघालं ते इथे लिहा, मग तुमच्या वाट्याच्या आकड्याबद्दल नीट बोलता येईल.