चार्टच्या लेबलवर ६२% ऐवजी ६२००% का येतंय?

म्हशीच्या दुधाचा वाटा ६२ आणि लेबलवर ६२००%! खानापूरकडच्या एका डेअरीचं ॲप करताना माझंही हेच झालं होतं. नंबरफॉरमॅटचा (आकडा कसा दाखवायचा ते ठरवणाऱ्या कोडमधल्या सोयीचा) पर्सेंट प्रकार आकड्याला स्वतःच १०० ने गुणतो. तेव्हा एकतर त्याला ०.६२ द्या, नाहीतर ६२ तसाच ठेवून पुढे नुसतं % चिन्ह जोडा. तो मुळात दशांश दाखवत नाही, ७.३% हवं असेल तर मॅक्झिमम फ्रॅक्शन डिजिट्स (दशांश चिन्हानंतरचे जास्तीत जास्त अंक) १ करा. पण पाय चार्टच्या बारीक फाकेत ते मावणार नाही, सांगून ठेवतो.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक गंमत. फोन मराठीत असेल तर ६२% देवनागरीत उमटतं, कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी आकड्यांत. सगळीकडे एकच हवं असेल तर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) कोडमध्येच ठरवून टाका.