रॉड आधी, टेंडन नंतर

ताई, रबाळ्याला पत्रा कापताना भावाचा हात सापडला, जखम भरली, पण चार महिने झाले तरी दोन बोटं मिटत नाहीत, आणि आता डॉक्टर दोन ऑपरेशनं सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. वागळे इस्टेटमध्ये प्रेसवर माझा हात गेला तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. दोनदा का, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

आपण 'शीर तुटली' म्हणतो, पण तुटलेला असतो टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत नेणारी दोरी. बोटात ती एका अरुंद बोगद्यातून सरकते. जुन्या जखमेत तो बोगदा चिकटून बसतो. लगेच नवी दोरी ओवली तर तीही चिकटते. म्हणून आधी सिलिकॉनचा रॉड घालतात. साधारण तीन महिन्यांत त्याच्याभोवती गुळगुळीत आवरण तयार होतं, मग रॉड काढून त्याच वाटेने टेंडन ओवतात.

हा नवा टेंडन आपल्याच अंगातून घेतात. तो काढला तर हात अधू होईल, ही भीती सोडा. अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट जरा आत वळवा. मधोमध जी दोरी उठते ती पामॅरिस लाँगस, बहुधा तीच घेतात. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. मग पायातला टेंडन वापरतात.

मला मात्र खरी काळजी सांध्यांची वाटते. सांधे आखडलेले असतील तर नवी दोरी ओढणार कशाला? माझे दोन महिने नुसते मेणाच्या शेकात आणि दुसऱ्या हाताने बोटं वळवण्यात गेले, रडू यायचं. दुसऱ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात जागेवर धरून ठेवणारा आधार होता. व्यायाम थेरपिस्टने सांगितला तेवढाच करायचा, जोर अजिबात लावायचा नाही. माझ्याबरोबर थेरपीला येणाऱ्या एका मुलाने पाचव्या आठवड्यात पाण्याची बादली उचलली आणि जोड सुटला. त्याचा चेहरा अजून आठवतो. माझं बोट आज तळव्याला पूर्ण टेकत नाही, पण लोकलचा दांडा धरता येतो, पाना चालवता येतो.

भावाला ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना लागू असेल तर कामावरच्या अपघाताच्या रजेत सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. कंपनीने अपघाताची नोंद केली आहे ना, ते आधी बघा. आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: दुसऱ्या हाताने वळवल्यावर बोट तळव्यापर्यंत जातं का, आणि टोकाला स्पर्श कळतो का. कळत नसेल तर नसही तपासावी लागेल. काय म्हणतात ते कळवा, मी वाट बघतोय.