वाचकांचे प्रश्न : फोन अडवून बसणारे इंटरनेट

प्रश्न : पंचवटीतील आमच्या घरी एकच फोन आहे आणि इंटरनेटही त्याच लाइनवर चालते. द्राक्षांच्या हंगामात निर्यातदाराची ई-मेल पाहण्यासाठी मी सकाळी लाइन जोडतो आणि पुष्कळदा ती तशीच ठेवून दिंडोरीच्या मळ्यावर निघून जातो. मग दिवसभर घरचा फोन एंगेज लागतो आणि बिल आले की घरात वाद होतो. काम चालू नसेल तेव्हा लाइन आपोआप तुटावी, अशी सोय विंडोज ९८ मध्ये आहे का? मुलाच्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. तेथे काय करावे?
— एक द्राक्ष बागायतदार, नाशिक

उत्तर : सोय आहे, पण ती तीन ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे एका ठिकाणी खूण करूनही लाइन तुटत नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडते.

विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर उघडून ‘टूल्स’मधील ‘इंटरनेट ऑप्शन्स’ निवडावे, ‘कनेक्शन्स’ या पानावर आपल्या जोडणीच्या नावावर क्लिक करून ‘सेटिंग्ज’मध्ये आणि तेथून ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जावे. तेथील ‘डिस्कनेक्ट इफ आयडल फॉर’ या ओळीसमोर खूण करून २० मिनिटांऐवजी ५ लिहावे. वेळ भरत आली की लाइन तोडायची की ठेवायची, असे विचारणारी छोटी खिडकी पडद्यावर येते आणि कोणीच उत्तर दिले नाही तर लाइन तुटते. आपण मळ्यावर असलात तरी बिघडत नाही. एक्सपीमध्ये ‘नेटवर्क कनेक्शन्स’ उघडून जोडणीच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ऑप्शन्स’ या पानावर ‘आयडल टाइम बिफोर हँगिंग अप’समोर ५ मिनिटे निवडावीत. तेथे ‘नेव्हर’ असेल तर लाइन कधीच तुटणार नाही. तिसरी जागा मॉडेमची, म्हणजे संगणक फोनच्या लाइनला जोडणाऱ्या उपकरणाची : ९८ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॉडेम्स’, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कनेक्शन’ आणि तेथे ‘डिस्कनेक्ट अ कॉल इफ आयडल’ अशी ओळ. संगणक हँग झाला की विंडोजचे घड्याळही थांबते; मॉडेम बाहेर ठेवण्याचा असेल तर त्याचे स्वतःचे घड्याळ मात्र चालू राहते, म्हणून हीही खूण करून ठेवावी.

एवढे करूनही लाइन तुटली नाही तर विंडोजला दोष देण्याची घाई करू नये. आपल्या दृष्टीने काम थांबले म्हणजे आपण खुर्चीवरून उठलो. संगणकाच्या दृष्टीने काम थांबले म्हणजे लाइनवरून काहीच आले-गेले नाही, आणि या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. याची परीक्षा घरी सहज करता येते. लाइन जोडलेली असताना घड्याळाशेजारी दोन छोट्या संगणकांचे चिन्ह दिसते. त्यावर दोनदा क्लिक केले की किती बाइट गेले आणि किती आले, हे आकडे दिसतात. सगळ्या खिडक्या तशाच ठेवून माउसला हात न लावता पाच-सात मिनिटे या आकड्यांकडे पाहत बसावे. आकडे थोडे जरी हलले, तरी ५ मिनिटांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आकडे हलवणारा बहुधा घरातलाच एखादा प्रोग्राम असतो. आउटलुक एक्सप्रेस या ई-मेलच्या प्रोग्रामला दर काही मिनिटांनी नवी पत्रे पाहण्यास सांगितलेले असेल आणि तो कालावधी ५ मिनिटांहून कमी असेल, तर लाइन कधीच रिकामी राहणार नाही. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये ही खूण काढावी आणि तेथेच ‘कनेक्शन’ या पानावर ‘हँग अप आफ्टर सेंडिंग अँड रिसिव्हिंग’ची खूण करावी. फक्त पत्रे पाहण्यापुरतेच इंटरनेट वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही एकच खूण बहुतेक वेळा पुरते, असे माझे मत आहे. मुलाच्या संगणकावर मेसेंजर चालू असेल, अथवा क्रिकेटचा धावफलक आपोआप ताजा होणारे पान उघडे राहिले असेल, तर तेही कारण असू शकते. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ब्लास्टरसारखा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) संगणकात शिरला असेल तर तो इतर संगणक शोधत सतत माहिती पाठवत राहतो. सगळे प्रोग्राम बंद करूनही आकडे धावत असतील तर अँटिव्हायरस चालवून पाहावा.

आणखी एक गोष्ट राहते. लाइन तुटल्यावर एखाद्या प्रोग्रामने इंटरनेट मागितले की विंडोज आपणहून पुन्हा फोन लावते, आणि आपण घरी नसताना नव्या कॉलचे मीटर पडते. ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील ‘कनेक्शन्स’ या पानावरच ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ निवडावे आणि सकाळी लाइन स्वतःच्या हाताने जोडावी. एक्सपीमध्ये ‘रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड’ची खूणही काढून टाकावी.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. त्यात फोनवरून इंटरनेट जोडणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामच्या ऑप्शन्स फाइलमध्ये ‘आयडल ५’ असे लिहिल्यापासून जोडलेली लाइन लगेच तुटते. माझे काय चुकले?
— एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : विंडोज मिनिटे मोजते, पीपीपीडी सेकंद मोजतो. पाच मिनिटांसाठी ‘आयडल ३००’ लिहावे. त्याच फाइलमध्ये ‘पर्सिस्ट’ असेल तर तेही काढावे, कारण त्यामुळे तुटलेली लाइन पुन्हा जोडण्याचा प्रयत्न होत राहतो. मागणी येईल तेव्हाच लाइन जोडली जावी अशी इच्छा असेल तर ‘डिमांड’ हा पर्याय वापरावा.